पांघरायची कुणाला?

आत्या : ही कुणाला पांघरायची?

मी : कुणालाच नाही. भिंतीवर लावायची आहे.

आत्या : मंग आत थर कशापायी? भिंतीला थंडी वाजती व्हय?

लासुर्ण्याच्या घरी, पडवीत, वाद इथून सुरू झाला. आत्याने आयुष्यभर वाकळा शिवल्या. मी चित्रकला शिकले आणि आता शिकवते. मला 18 बाय 24 इंचांची, म्हणजे बाळाच्या दुपट्याहूनही लहान, अशी एक गोधडी करायची होती. डोक्यात सय्यद हैदर रझांची भौमितिक चित्रं होती. खाली त्रिकोणांच्या रांगा, गेरू, हळद आणि नीळ अशा रंगांच्या, आणि त्यांवर अगदी मधोमध काळा बिंदू. कापड मी पुण्याहून आणलं होतं. हात आत्याचा हवा होता. तिने नाही म्हटलं नाही, पण एकेका टाक्याला कारण मागितलं. ते बोलणं इथे थोडं नीट लावून दिलं आहे. तिची बाजू मीच लिहिते आहे म्हणून ती दुबळी होऊ नये एवढं पाहिलं. तशी तिला माझ्या मदतीची गरज नाही.

आत्या : कागद दाव. हे तिकोन सगळे एका मापाचे?

मी : हो. चित्रात तसाच ठेका असतो.

आत्या : चित्राचं सोड. रंगाला उरेब नसती, कापडाला असती. उभा धागा ओढ, हलत न्हाय. आडवा ओढ, जरासा हलतो. तिरका ओढून बघ, बोटभर लांब होतंय. तिकोनाची एक बाजू तरी उरेब येणारच. तू पट्टी लावून कापशील, आन जोडून होईस्तवर तुझा ठेका नागमोडी.

मी : त्यावर युक्ती आहे. दोन रंगांचे दोन चौकोन एकमेकांवर ठेवायचे, मधे तिरकी रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही अंगांनी पाव-पाव इंचावर शिवण घालायची आणि मग रेघेवर कापायचं. शिवण आधी, कात्री नंतर. उरेब मोकळी सुटतच नाही. दोन चौकोनांतून दोन दुरंगी चौकोन निघतात.

आत्या : ही अक्कल बरी हाय. कुणाची?

मी : अमेरिकेतल्या बायकांची. तिकडे गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या शिवतात.

आत्या : मंग त्यांनाबी उरेब नडली म्हण की. आम्ही कात्रीच लावत न्हाय. चौकोन दुमडला की तिकोन. दुहेरी होतो, मजबूत होतो, कडा आत जाती.

उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूरच्या सिद्दी बायका त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांना असेच घडी घातलेले त्रिकोण लावतात. त्यांना त्या फुलं म्हणतात. हे मी आत्याला सांगितलं. कोपरा आधी झिजतो म्हणून लावत असतील, एवढंच ती म्हणाली. सुंदर दिसतं म्हणून कुणी काही करत असेल, यावर तिचा सहजासहजी विश्वास बसत नाही.

मी : बरं, आता बिंदू. याची गोष्ट ऐक. रझा मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात जन्मले, 1922 साली. जंगलातली शाळा. पोराचं लक्ष लागेना. मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, याच्याकडे बघत बस. मोठेपणी ते नागपूरला शिकले, मुंबईत जे. जे.ला शिकले, 1947 मध्ये सूझा, आरा, हुसेन, बाकरे, गाडे यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला. 1950 मध्ये फ्रान्सला गेले. तिथे तीसेक वर्षं चित्रं काढल्यावर तो ठिपका परत आला आणि मग हटलाच नाही.

आत्या : आन विकली जातात ही?

मी : त्यांचं 'सौराष्ट्र' नावाचं चित्र 2010 मध्ये लंडनच्या लिलावात 16 कोटी रुपयांच्या वर गेलं.

आत्या : किती एकर ऊस झाला गं त्याचा?

हा हिशोब आम्ही केला नाही. आत्याने मात्र कागद जरा अदबीने धरला. पैशाने अदब वाढते, हे कलेच्या बाबतीतही खरं आहे आणि मला ते फारसं खटकत नाही. खटकतं ते पुढे येईल.

मी : आणि बिंदू तुला परका का वाटावा? बेलवाडीचं गोल रिंगण दरवर्षी बघतेस. मधे पालखी, भोवती माणसं, त्यांच्या मधून घोडा. वरून बघितलं तर रझांचं चित्रच.

आत्या : वरून कोन बघतंय? रिंगण पळायसाठी असतंय. धूळ उडती, पायात गोळे येतात. तुकोबांची पालखी रिंगण उरकून आपल्या लासुर्ण्यावरनं अंथुर्ण्याला जाती, तवा आम्ही पाण्याचे हंडे भरून उभ्या असतो. ठिपका बघायला कुणाला सवड? सगळ्याला सगळं जोडत जाऊ नको.

मी : हे शेत घे मग. माडीवरून बघ. नीरेचा डावा कालवा, त्यातून निघालेल्या चाऱ्या, उसाचे चौकोन, मधे पडीक वावराची तांबडी पट्टी. ही भूमिती नाही तर काय?

आत्या : सरी सरळ असती ती पाण्यासाठी. वाकडी सोडली तर पाणी एका अंगाला तुंबतंय, दुसरं अंग वाळतंय. बांध तिरका असतो तिथं भावाभावांचं भांडण झालेलं असतंय. चौकोन आपोआप पडत न्हायत, बाई. कायतरी नडलेलं असतंय.

ती हे सहज बोलून गेली आणि पुढच्या कामाला लागली. पण आमच्या वादाची खरी धार इथे आहे. माझ्यासाठी आकार निवडलेला असतो. तिच्यासाठी तो कशानेतरी पडलेला असतो: पाण्याने, वाटणीने, लुगड्याचा जो तुकडा शाबूत राहिला त्याच्या मापाने. वाकळेत पाठीकडचा भाग विरलेला म्हणून फेकायचा, पदराकडचा धड असतो तो घ्यायचा, काठ मजबूत म्हणून कडेला लावायचा. हिरव्या काठाची लांब पट्टी डावीकडे येते ती शोभेसाठी नाही, उजवीकडे पुरली नाही म्हणून. आणि तरीही ती तिथे शोभते.

मी : माँड्रिअन नावाचा डच चित्रकार होता. पुढच्या आयुष्यात उभ्या-आडव्या काळ्या रेघा आणि लाल, पिवळे, निळे चौकोन. तिरकी रेघ म्हणजे पाप. शेवटी न्यू यॉर्कला गेला आणि 1942 ते 44 या काळात एक मोठं चित्र करत होता. त्यात त्याने रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावले. लावायचे, काढायचे, सरकवायचे. चित्र पुरं व्हायच्या आत गेला. पट्ट्या अजून त्यावर आहेत.

आत्या : म्हणजे शेवटी ठिगळावर आला.

मी : तेच म्हणते मी. तुकडे मांडून बघणं हे तुझंच काम तो करत होता.

आत्या : न्हाय. त्याच्या पट्टीखाली पट्टी होती का? माझ्या रेघंखाली दोन कापडं दुमडल्याली असतात. रेघ म्हणजे जोड. जोड म्हणजे उसवायची जागा. मी रेघ बघती ती उसवंल का म्हणून बघती. तुझा तो माणूस कशापायी बघत होता?

याला माझ्याकडे नेमकं उत्तर नव्हतं. समतोलासाठी, असं म्हणता आलं असतं; पण समतोल म्हणजे काय ते पडवीत बसून सांगायला लागल्यावर जीभ जड होते. मग मी माझं सगळ्यात भारी पान टाकलं.

मी : ऐक. सोनिया डेलोने म्हणून एक चित्रकार बाई. जन्म युक्रेनचा, संसार पॅरिसला. 1911 मध्ये तिला मुलगा झाला. तिने त्याच्यासाठी तुकडे जोडून दुपटं शिवलं, लहानपणी गावाकडे शेतकऱ्यांच्या घरी बघितलं होतं तसं. झाल्यावर तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या लक्षात आलं की हे आपल्या मित्रांच्या नव्या चित्रांसारखं दिसतंय. मग तीच रीत तिने चित्रांत नेली. ते दुपटं आज पॅरिसच्या संग्रहालयात आहे. म्हणजे गोधडीने चित्राची नक्कल केली असं म्हणायचं कारणच नाही. अमूर्त चित्राच्या जन्माच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत गोधडी होती.

आत्या : पोराला पांघरलं का त्या बाईनं?

मी : त्याच्यासाठीच केलं होतं.

आत्या : मंग पोराचं दुपटं काढून भिंतीवर कुणी लावलं?

मी : ते पुढे. पण मुद्दा कळतोय का? तू जे करतेस तेच अमूर्त कला आहे. तुला कुणी सांगितलं नाही एवढंच.

आत्या : आता सांगितलंस. मंग? टाका सरळ येईल का त्यानं?

मी : तसं नाही. मान मिळेल.

आत्या : मान हाय की. काटेवाडीला परीट लोक पालखीपुढं धोतरं अंथरतात. साधी धोतरं. त्यावरनं पालखी जाती. कापडाचा मान एक तर अंगाखाली, न्हायतर अंगावर. माझी वाकळ पॅरिसच्या बाईच्या नावानं का मोठी व्हावी? तिच्या आधीच्या बायका शिवत होत्याच ना? ती शेतकरीण, जिच्या घरात तिनं बघितलं, तिचं नाव काय?

नाव कुणाला ठाऊक नाही. आत्याने बोट नेमकं तिथे ठेवलं. 1971 मध्ये न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने अमेरिकन गोधड्या चित्रासारख्या पांढऱ्या भिंतीवर टांगल्या. प्रदर्शनाच्या नावातच 'अमूर्त रचना' होती. लोक थक्क झाले, कारण साठीच्या दशकातल्या चित्रकारांनी जे केलं ते या बायकांनी आधीच केलेलं दिसत होतं. पण शिवणाऱ्यांची नावं बहुतेक गोधड्यांखाली नव्हती. कौतुक डोळ्यांचं झालं, तेही संग्राहकाच्या डोळ्यांचं.

मी हे तिला सांगितलं, आणि दुसरी बाजूही. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथे गुलामगिरीतून सुटलेल्यांचे वंशज राहतात, कापसाच्या शेतीवर जगलेले. त्या बायकांनी कामाच्या जुन्या विजारी, पोती, सदरे जोडून केलेल्या गोधड्या 2002 मध्ये त्याच व्हिटनीत लागल्या, या वेळी नावांसकट. 2006 मध्ये त्यांतल्या 10 गोधड्या अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर छापल्या गेल्या.

आत्या : आन पैसं?

मी : त्यावरून भांडण झालं. 2007 मध्ये काही जणींनी कोर्टात दावे लावले, आम्हाला आमचा वाटा मिळाला नाही म्हणून. पुढच्या वर्षी ते मिटले.

आत्या : बघ. भिंतीवर गेली की हिशोब मागं येतो. अंगावर असंस्तवर कुणी हिशोब इचारत न्हाय.

मी : अगं, पण अंगावर होती तोवर त्या बायकांकडेही कुणी बघत नव्हतं! तुझ्याच वाकळांचं काय झालं? किती उरल्यात? गोठ्यात गेल्या, ट्रॅक्टरच्या सीटवर गेल्या, कुत्र्याखाली गेल्या. भिंतीवर एक तरी असती तर आज बघायला मिळाली असती.

आत्या : कुत्र्याखाली गेली म्हणजे पुरी वापरली. तुला ते वाईट वाटतंय, मला न्हाय.

इथे मी तिच्याशी सहमत नाही आणि कधी होईन असं वाटत नाही. संपेपर्यंत वापरणं हा गुण आहे, पण ज्यांच्याकडे दुसरं काही नसतं त्यांनाच तो सक्तीने लागू होतो. सोलापुरी चादर घेण्याइतके पैसे आले, तेव्हा घरोघरी लोकांनी वाकळ आनंदाने खाली टाकली. आत्यानेही टाकली. तिच्या पलंगावर आज वाघाचं चित्र असलेलं जाड मऊ ब्लँकेट आहे.

मी : ब्लँकेट का घेतलंस मग?

आत्या : हलकं हाय. दुसरं, वाकळ आता शिवायची कशाची? सुती लुगडी गेली. नायलॉन आलं, पॉलिस्टर आलं. त्या साड्या फाटत न्हायत आन मऊबी पडत न्हायत. सुई घुसत न्हाय, घुसली तर कापड सरकतंय, घाम शोशीत न्हाय. लोकांना वाटतंय पोरींना शिवायचा कंटाळा आला म्हणून वाकळ गेली. वाकळ कापडानं गेली. नऊवारी अंगावरनं गेली त्याच दिशी गेली.

हे मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. हस्तकलेच्या ऱ्हासावर आपण बोलतो तेव्हा आवड, बाजार, नवी पिढी असे शब्द येतात. वाकळेचा कच्चा माल म्हणजे दहा-दहा वर्षं धुतलेलं, कालव्याच्या दगडावर आपटलेलं, उन्हात विटलेलं सूत. ते बाजारात मिळत नाही. ते घरात अंगावर तयार व्हावं लागतं. नवं सुती कापड आणून त्या मऊपणाची जागा भरत नाही.

आत्या : हे तू आणलंयस ते कोरं हाय. आधी धू. या तांबड्याचा रंग जातोय का बघ.

ओल्या पांढऱ्या फडक्यावर तिने लाल तुकडा अंगठ्याने घासला. फडकं गुलाबी झालं. त्रिकोणांच्या रांगेत हा लाल पांढऱ्याशेजारी बसणार होता.

आत्या : घट बसायच्या आधी सगळ्या वाकळा कालव्यावर न्यायचो धुवायला. भिजली की एकीला उचलायची न्हाय. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, आन पीळ घालायचा. तवा कळायचं कुणाच्या काठाचा रंग कच्चा. एका कच्च्या तुकड्यानं सबंध वाकळ तांबूस.

मी : म्हणून काय तो तुकडा काढायचा?

आत्या : कोन काढतंय? पुढल्या धुण्याला आणखी जरा इटायची. सगळे रंग एकमेकांत जायचे. म्हणून तर जुन्या वाकळंचे रंग भांडत न्हायत. तुझ्या कागदावरचे भांडतायत.

भांडायलाच हवेत, असं मी म्हणाले. रझांच्या चित्रात लाल आणि काळा शेजारी आले की डोळ्यांना धक्का बसतो, तो मला हवा होता. लाल मी बदलला नाही. तीन पाण्यांतून काढला आणि मग घेतला. माझ्या मते कापडाने चित्रापुढे मान टाकायची गरज नाही, तशी चित्रानेही कापडापुढे टाकायची नाही. प्रभाकर बरवे साठीच्या दशकात बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. अकोल्याचे अंबादासही विणकरांच्या केंद्रांत काम करत होते. कापडासाठी नक्ष्या करणारे हे हात चित्रं काढत होते आणि दोन्ही कामं आपापल्या जागी उभी राहिली. आत्याला मी हे ऐकवलं. पगारी होते ना, मग ठीक, असं तिचं मत पडलं.

काळा बिंदू तिनेच कापला. स्टीलच्या ताटलीभोवती साबणाच्या वाळल्या चिपटीने गोल फिरवला. त्याच मापाचा पुठ्ठा घेतला. कापड अर्धा इंच जास्त ठेवून कडेने बारीक धावदोरा घातला, पुठ्ठा आत ठेवून दोरा ओढला, तशी कापडाची कड पुठ्ठ्याच्या मागे चुणून बसली. त्यावर इस्त्री फिरवली. गार झाल्यावर पुठ्ठा अलगद काढला. कंपासने काढल्यासारखा गोल हातात आला. एक चुणी बाहेर दिसत नव्हती.

मी : हे कुठे शिकलीस?

आत्या : कुंचीची फुलं अशीच करतात.

मग टाक्यांवरून पेटलं. इथे खरोखर दोन पद्धती आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. अमेरिकी पुस्तकं सांगतात, तिन्ही थर एकमेकांना कच्चे टाचा, मधून शिवायला घ्या आणि बाहेर जा, म्हणजे सैल कापड कडेला निघून जातं. आत्याची वाकळ कडेपासून सुरू होते. एक फेरा, मग बोटभर आत दुसरा, मग तिसरा; चौकोनात चौकोन पडत सुई मध्याकडे जाते.

मी : रझांच्या चित्रात सगळं बिंदूपासून निघतं, आत्या. टाकेही बिंदूभोवती गोल फिरत बाहेर जायला हवेत.

आत्या : मधून सुरू केलं तर मांडी कुठं घालू? वाकळ जमिनीवर असती. मी कडंला बसती आन आत सरकती. शिवलेल्या भागावर बसायचं, न शिवलेलं पुढं.

मी : ही वाकळ 18 इंचांची आहे. मांडीवर मावते.

आत्या : हात तर मोठ्या वाकळंचा हाय ना.

मी : आणि कडेकडून आलीस की सगळा सैलपणा मधे जमतो. शेवटी फुगा राहतो.

आत्या : राहतो. थंडीत तिथंच ऊब असती. आन तुझ्या कागदावर मधे काय हाय?

मी : बिंदू.

आत्या : मंग फुगू दे की. चांगला वर येईल. चित्रात त्याला उठाव द्यायला काळ्याभोवती आणखी काळं लावावं लागत असंल. हितं फुकट मिळतोय.

मी कागद बाजूला ठेवला. टाके कडेकडून आत गेले, पांढऱ्या दोऱ्याने. त्रिकोणांच्या शिवणींकडे न बघता ते आपल्या चौकोनात फिरत राहिले. लांबून त्रिकोण दिसतात. जवळ गेलं की त्यांच्यावरून चाललेली टाक्यांची रांग दिसते, कुठे दाट, कुठे विरळ, कारण आत्याला मधे उठून चहा टाकायला लागला. बिंदू शेवटी बसला, फुग्यावर, तुरपाईने. तो कापडाच्या पातळीहून खरंच अर्ध्या बोटाने वर आला आहे. रझांच्या बिंदूसारखा तो आत ओढत नाही, बाहेर येतो. हे रझांवरून केलंय असं आता मी म्हणणार नाही. रझांपासून निघालं आणि पडवीत वळलं.

मी : खाली सही घाल. लाल दोऱ्याने.

आत्या : वाकळंवर नाव घालतात व्हय? घरात ठाऊक असतंय कुणाची ते.

मी : ही घरात राहणार नाही. शेतकरणीचं नाव काय म्हणून तूच विचारलंस ना?

ती गप्प बसली, पण पटलं म्हणून नाही. नंतर मागच्या अस्तरावर, खालच्या कोपऱ्यात, तिने एक उलटा टाका घातला. तिच्या प्रत्येक वाकळेवर तो असतो असं ती म्हणाली. मी ते आजवर पाहिलं नव्हतं. समोरून तो दिसत नाही आणि तिने तो समोर घ्यायला नकार दिला.

मी : शेवटचं एकच. मागे वर एक पट्टी शिवायची, आत दांडी जाईल एवढी. त्याशिवाय टांगता येणार नाही.

आत्या : टांगलेली वाकळ मी बघितलीया. बीडकडचे ऊसतोडीला येतात, त्यांच्या कोपीच्या दाराला. वाऱ्याच्या अंगाला बांधतात, आत लेकरू निजलेलं असतंय. दोरीनं बांधतात, पट्टी-बिट्टी काय नसती.

मी : मग शिवतेस ना?

आत्या : पट्टी तुझी तू शिव. आन टाका लांब घाल. उसवायला बरा.